कालव्याकाठची मातीची वाट: तुलूझ ते सेत सायकलवरून (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात राहतो. विमानांच्या कारखान्यांमुळे इथे मराठी मंडळी आहेत, आणि त्यांच्या घरी उन्हाळ्यात पाहुणे. मार्च उजाडला की भाचे, मित्र, मित्रांचे मेहुणे यांचे फोन सुरू होतात: "तो कालवा सायकलवर करायचाय, काय काय लागेल?" प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. वाट सपाट आहे म्हणजे सोपी आहे असं धरून जे येतात, ते दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर माझ्याशी भांडतात.

नेमका कुठला कालवा?

कानाल द्यू मिदी. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या 'तो' नावाच्या खाजणापर्यंत सुमारे 240 किलोमीटर. पूर्वी या कालव्यातून मालाच्या होड्या घोड्यांकडून ओढत नेत, आणि त्या घोड्यांसाठी काठाने वाट होती. त्याच वाटेवर आज सायकली चालतात. खाजणाच्या पलीकडे सेत हे बंदर आहे. बहुतेक लोक तिथे प्रवास संपवतात. तुलूझच्या दुसऱ्या बाजूला गारोन कालवा बोर्दोच्या दिशेने जातो. दोन्ही जोडले की अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत जाता येतं, पण ती वेगळी सहल. गारोनकाठची वाट जवळपास सगळी डांबरी आहे. छान आहे, पण ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) घेऊन येणाऱ्याला तिथे कंटाळा येईल.

गाड्या खरंच अजिबात नसतात?

कालव्याच्या काठाने नसतात. कधीतरी कालव्याच्या देखभालीची गाडी किंवा लॉकवर (बोटी चढवायच्या-उतरवायच्या दरवाज्यांपाशी) राहणाऱ्या माणसाची मोटार सावकाश समोरून येते. पुलांपाशी रस्ते ओलांडावे लागतात, आणि मुक्कामाला गावात शिरायचं तर शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर साध्या रस्त्याने जावं लागतं. हॉर्नचा आवाज दिवस दिवस कानावर पडत नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला पहिल्या दिवशी याचंच दडपण आलं होतं. दर दहा मिनिटांनी तो मागे वळून बघत होता.

गाड्या नसल्या तरी माणसं असतात. गळ टाकून बसलेले आजोबा, कुत्री, ढकलगाडीतली बाळं. पुलाखालून जाताना वाट अरुंद होते, छत डोक्याला लागेल इतकं खाली येतं आणि पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. तिथे घंटी वाजवायची आणि वेग कमी करायचा. चालणाऱ्याचा हक्क पहिला.

वाट कशी आहे? डांबर, खडी की माती?

तिन्ही, आणि ज्या क्रमाने ती येतात त्याने माणसं फसतात. तुलूझहून निघाल्यावर पहिले साधारण 50 किलोमीटर, पोर-लोरागेच्या आसपासपर्यंत, गुळगुळीत डांबरी सायकलमार्ग आहे. माणूस खूश होतो आणि मनात हिशोब मांडतो: असंच गेलं तर तीन दिवसांत समुद्र. मग ओद जिल्हा सुरू होतो आणि डांबर संपतं.

तिथून पुढे कुठे दाबलेली खडी, कुठे निव्वळ माती, कुठे गवतातून गेलेली टायरभर रुंदीची पायवाट. काही पट्टे नीट केलेले आहेत, काही मुळीच नाहीत. सगळ्यात त्रास झाडांच्या मुळांचा. काठावरच्या चिनाराच्या जातीच्या झाडांची मुळं वाटेखालून पाण्याकडे गेलेली असतात आणि जमिनीवर मनगटाएवढ्या गाठी उठलेल्या असतात. एकेक गाठ काही वाटत नाही. पण तासभर दर दोन मीटरला एक गाठ आली की तळहात बधिर होतात आणि कॅरिअरचे स्क्रू सैल पडतात. मी रोज संध्याकाळी सगळे स्क्रू हाताने तपासतो. एकदा आळस केला, तर दुसऱ्या दिवशी बाटलीचा पिंजरा कालव्यात गेला. बाटलीसकट.

पाऊस पडून गेला असेल तर मातीचे पट्टे चिकट होतात, आणि ती माती टायर आणि मडगार्डच्या मधे बसते. मडगार्ड असलेली सायकल घेतली असेल तर खिशात एक काटकी ठेवा. चेष्टा करत नाही.

बेझिए शहराच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा चांगली वाट लागते. आणि एक युक्ती: एका काठाची वाट फारच खराब झाली तर पुढच्या पुलावरून पलीकडे बघा. बऱ्याचदा दुसरा काठ बरा असतो.

चढ किती?

नगण्य. तुलूझपासून नोरूझच्या खिंडीपर्यंत 52 किलोमीटरमध्ये 57 मीटर चढायचं. खिंड समुद्रसपाटीपासून 189 मीटरवर आहे आणि तिथून समुद्रापर्यंत उतार. वाटेवर जे काही चढ आहेत ते लॉकपाशी, तेही पंधरा-वीस पेडलांचे.

पण इथे उताराचा फायदा मिळत नाही. सायकल आपोआप पळेल एवढा उतार कुठेच नसल्यामुळे दिवसभर पेडल मारत राहावं लागतं. घाटात चढ संपला की पाय सोडून बसता येतं. इथे ती चैन नाही. बूड दुखतं ते यामुळेच.

किती दिवस काढावेत?

सहा. चार दिवसांत होतं, दोन दिवसांत केलेलेही लोक मला माहीत आहेत, पण त्यांना विचारा की माल्पासचा बोगदा पाहिला का.

माझी विभागणी अशी: पहिल्या दिवशी डांबराचा फायदा घेऊन तुलूझ ते कास्तेलनोदारी, 65 किलोमीटर. मग कार्कासोन, 40. मग ऑम्प्स, 40. चौथ्या दिवशी कापस्तां, 43. पाचव्या दिवशी बेझिएवरून आग्द, 43. शेवटच्या दिवशी खाजणाच्या तोंडाशी असलेलं दीपगृह आणि पुढे वाळूच्या पट्टीवरच्या सायकलमार्गाने सेत, साधारण 30. मातीच्या वाटेवर तासाला 12 ते 14 किलोमीटर पडतील असं धरा. रस्त्यावरचा आपला वेग विसरा.

सायकल कुठली? माझी रोड बाइक चालेल का?

25 मिलिमीटरचे टायर असतील तर नाही. पोर-लोरागेपर्यंत चालेल, पुढे शिव्या घालाल. ग्रॅव्हल बाइकला 40 मिलिमीटरच्या आसपासचे टायर उत्तम, 45 असतील तर मुळांवर आणखी सुख. साधी हायब्रिडही चालते. फुल सस्पेन्शनची गरज नाही.

टायरमध्ये हवा कमी ठेवा. 75 किलोचा माणूस आणि 40 मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर असेल तर 30 ते 35 पीएसआय पुरे. आपल्याकडे टायर दगडासारखा टणक हवा असं लहानपणापासून शिकवलेलं असतं. ते इथे विसरायचं. सामान पाठीवर घेऊ नका, सायकलवर लावा.

पंक्चर किती होतात?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

बेझिएच्या पुढे, समुद्राजवळच्या कोरड्या भागात, उन्हाळ्याच्या अखेरीस वाटेच्या कडेला जमिनीलगत पसरलेली एक वेल दिसते. बारीक पानं, पिवळी इवलीशी फुलं. पहिल्यांदा एका झटक्यात माझे दोन्ही टायर बसले तेव्हा मी खाली वाकून टायरमधून काटा उपटला आणि बघतच राहिलो. सराटा! आपला गोखरू, ज्याचं चूर्ण आजी काढ्यात घालायची. माळरानावर अनवाणी चालताना जो टाचेत घुसायचा तोच. इथले सायकलवाले त्याला माल्टाचा क्रूस म्हणतात, कारण सुकलेलं फळ त्या आकाराचं दिसतं. फळाचे तुकडे कसेही पडले तरी एक काटा वर राहतो.

ट्यूबलेस टायर आणि आत ताजं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) असेल तर काटा तसाच राहू द्या, मुक्कामावर पोचल्यावर काढा. ट्यूब असेल तर निदान दोन सुट्या ट्यूब आणि ठिगळं जवळ हवीत. एक काटा सापडला म्हणून लगेच नवी ट्यूब घालू नका. टायर आतून बोटांनी पूर्ण फिरवून चाचपा, जपून. मी घाईत तसं न करता एकाच काट्यावर दोन ट्यूबा फोडून घेतल्या आहेत. थांबलात तर सायकल गवतात आडवी टाकू नका.

सायकल भारतातून आणावी की इथे भाड्याने घ्यावी?

सहा दिवसांसाठी भाड्याने. खोकं, विमानाचं जादा भाडं, आणि सायकल सेतला संपवल्यावर ते खोकं कुठून पैदा करायचं, ही कटकट नको. तुलूझला घेऊन दुसऱ्या टोकाला परत करता येईल अशी सोय काही दुकानं देतात. आधी लिहून विचारा. घेताना टायर नीट बघा. मागच्या वर्षी एका दुकानाने आमच्या पाहुण्याला दिलेल्या सायकलच्या मागच्या टायरची नक्षी इतकी झिजली होती की आतले धागे दिसत होते. तक्रार केली तर "कालवा सपाटच आहे ना" हे उत्तर मिळालं. चाकं फिरवून, ब्रेक दाबून, गिअर सगळे बदलून बघितल्याशिवाय दुकानातून पाय काढू नका.

उंची पाच फूट दोन इंचांच्या खाली असेल तर आपल्या मापाची फ्रेम आहे का हे महिनाभर आधी पक्कं करा. लहान मापं पटकन संपतात.

कधी यावं?

एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते जून, किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 च्या वर जातो. विदर्भातले लोक हसतील, पण जिथे झाडं तोडलेली आहेत (त्याबद्दल पुढे) तिथे डोक्यावर काही नसतं. ऑक्टोबर सुंदर असतो, पण भूमध्य समुद्रावरून येणारे शरदातले पाऊस कधी कधी भयंकर होतात. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ओद जिल्ह्यात एका रात्रीत पूर आला आणि कालव्याकाठच्या त्रेब गावात माणसं गेली. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी निघू नका. हिवाळ्यात देखभालीसाठी कालव्याचे काही भाग रिकामे करतात. चिखलाचा खंदक बघायला कोणी येऊ नये.

वारा कुठल्या दिशेने असतो? तुलूझहून निघावं की सेतहून?

इथे वाऱ्यांना नावं आहेत. पश्चिमेकडून, वायव्येकडून येणारा तो सेर्स. तुम्ही समुद्राकडे जात असाल तर तो पाठीवर. आग्नेयेकडून येणारा तो ओतां. तो तोंडावर येतो, दिवस दिवस थांबत नाही, आणि त्याने माणसाचं डोकं फिरतं असं इथली म्हातारी माणसं सांगतात. लोरागे भागातल्या उघड्या शेतांमध्ये ओतां भेटला की सपाट रस्ता घाट होतो. सेर्सचा भरवसा धरून तुलूझहून निघावं हे माझं मत. ओतां सुटला तर एक दिवस कास्तेलनोदारीत थांबा. त्याच्याशी झुंजण्यात काही पुरुषार्थ नाही.

एका कालव्याचं एवढं कौतुक का?

कारण तो खोदला तेव्हा डोंगराचं पाणी खिंडीवर नेऊन दोन्ही समुद्रांकडे सोडणं हे जवळपास वेडेपणाचं काम होतं.

फ्रान्सच्या होड्यांना भूमध्य समुद्रातून अटलांटिकला जायचं तर सगळ्या स्पेनला वळसा पडायचा. मधून कालवा काढावा ही कल्पना जुनी होती. अडचण एकच: मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून? वर पाणी नसेल तर दर वेळी लॉक उघडलं की कालवा थोडा थोडा रिकामा होत जाणार. पिएर-पोल रिके हा बेझिएचा माणूस, पेशाने मिठावरचा कर वसूल करणारा मक्तेदार. त्याने उत्तरेच्या मोंतान्य नुआर, म्हणजे काळ्या डोंगरातले ओढे अडवून, पाटांनी वळवून नोरूझच्या खिंडीवर आणायचं ठरवलं. चौदाव्या लुईने 1666 मध्ये फर्मान काढलं. पाणी साठवायला सें-फेरेओलचं धरण बांधलं. त्यात सुमारे 63 लाख घनमीटर पाणी मावतं. ते आजही कालव्याला पाणी पुरवतं.

ऐन भरात 12 हजारांच्या आसपास मजूर कामावर होते. त्यात बायकाही होत्या. रिके रविवारचे, सणाचे आणि आजारपणाचेही पैसे द्यायचा, जे त्या काळात कोणी देत नसे. त्यामुळे त्याला माणसं मिळाली. त्याने स्वतःचा पैसा ओतला, कर्ज काढलं, आणि कालवा सुरू होण्याआधी काही महिने, 1 ऑक्टोबर 1680 रोजी, तो गेला. उद्घाटन 1681 च्या मे महिन्यात झालं. कर्ज पोरांच्या गळ्यात पडलं.

1996 पासून हा कालवा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

लॉक म्हणजे काय? तिथे बघण्यासारखं काय असतं?

बोटीला पाण्याच्या पायऱ्या चढवायची सोय. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, वरून पाणी सोडायचं. पाण्याबरोबर बोट वर येते, मग पुढचे दरवाजे उघडायचे. या कालव्याचे हौद मधे फुगीर आहेत, बदामाच्या आकाराचे. सुरुवातीला एका लॉकच्या सरळ भिंती मातीच्या रेट्याने आत कोसळल्या, तेव्हा रिकेने भिंतींना बाक दिला. आडवी घातलेली कमानच ती; माती जितकी रेटेल तितके दगड एकमेकांत घट्ट बसतात.

भाड्याच्या बोटीवर पहिल्यांदाच बसलेलं कुटुंब लॉकमध्ये शिरताना बघणं हा इथला फुकटचा तमाशा. नवरा सुकाणूवर, बायको दोरी घेऊन काठावर, आणि दोघंही एकमेकांना जर्मनमध्ये ओरडतायत. पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यात आपली केळी खाऊन होतात.

वाटेत कुठे थांबलंच पाहिजे?

नोरूझला. मुख्य वाटेपासून दोन पावलं आत, झाडीत, काळ्या डोंगरातून आलेलं पाणी कालव्यात पडतं आणि दोन दिशांना जातं. एक अटलांटिककडे, एक भूमध्य समुद्राकडे. फलक आहे, पण मी दर वेळी पान टाकून बघतो. जवळच्या टेकाडावर रिकेचा स्तंभ आहे, मोठ्या दगडांवर उभा. त्या दगडांमधल्या भेगा मिटतील त्या दिवशी जग बुडेल असं इथे म्हणतात. मी तपासलंय, अजून जागा आहे.

पाराझा गावाजवळ रेप्यूद्र नदीवरचा छोटा पूल, 1676 चा. बोटी नदीवरून पुलाने जातात! आपण वर सायकलवर, बाजूला कालवा, खाली नदी. ल सोमाय हे त्यापुढचं गाव: एक कमानीचा जुना पूल, एक छोटं चर्च, आणि जुन्या पुस्तकांचं प्रचंड दुकान, जिथे माझ्या बायकोने दोन तास घालवले आणि चार किलो वजन वाढवलं. सायकलचं.

आणि माल्पास. बेझिएच्या अलीकडे आंसेरून नावाची टेकडी कालव्याला आडवी आली. दगड ठिसूळ, वरून विरोधकांचा दबाव. रिकेच्या माणसांनी 1679 मध्ये ती आरपार कोरली. सुमारे 165 मीटर लांब, बोटी जाण्यासाठी खोदलेला युरोपातला पहिला बोगदा. गंमत अशी की याच टेकडीच्या पोटात तीन बोगदे एकाखाली एक आहेत. वर कालवा, त्याच्या खाली एकोणिसाव्या शतकातला रेल्वेचा बोगदा, आणि सगळ्यात खाली तेराव्या शतकातला, मोंतादीच्या तळ्याचं पाणी काढून न्यायचा.

ते तळं बघायला टेकडीवर चढावं लागतं, आणि पूर्ण प्रवासातला हाच एक खराखुरा चढ. सायकल कुलूप लावून खाली ठेवली तरी चालेल. वरून दिसतं ते असं: एक मोठं गोल शेत, आणि मध्यापासून सगळीकडे गेलेले चर, जणू कोणी जमिनीवर सायकलचं चाक आऱ्यांसकट ठेवलंय. 1247 मध्ये परवानगी मिळाल्यावर दलदल उपसून केलेली ही शेती. सगळे चर पाणी मध्याकडे आणतात आणि तिथून ते त्या तिसऱ्या बोगद्याने डोंगराखालून बाहेर जातं. संध्याकाळी पाचनंतर या, तिरप्या उन्हात चर स्पष्ट दिसतात.

माल्पासनंतर थोड्याच अंतरावर फोन्सेरान. लॉकची दगडी शिडी: आठ हौद, नऊ दरवाजे, बोटी वीस-एकवीस मीटर खाली उतरतात. गर्दी असते, पर्यटकांच्या बसगाड्या असतात. बघा आणि पुढे चला.

कार्कासोनला एक दिवस द्यावा का?

अर्धा दिवस. 52 बुरूज आणि दुहेरी तटबंदीचा किल्ला. लांबून बघताना तोंडात बोट जातं. आत शिरलात की लाकडी तलवारींची दुकानं. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुरचनाकाराने तो पडझडीतून वर काढला आणि बुरुजांवर टोकदार, राखाडी पाटीच्या दगडाची छपरं चढवली. दक्षिणेत सगळीकडे कौलं, मग ही उत्तरेकडची छपरं कशाला, हा वाद अजून मिटलेला नाही. पहाटे किंवा रात्री, बसगाड्या गेल्यावर, तटाबाहेरून चक्कर मारा.

फोटोत दाट सावली दिसते, प्रत्यक्षात उघडंबोडकं का?

झाडं मेली म्हणून. काठावर 42 हजारांच्या आसपास प्लातान (तीच ती चिनाराच्या जातीची झाडं) होते, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेले. 2006 मध्ये त्रेबजवळ त्यांच्यावर एक बुरशीचा रोग सापडला. झाडाच्या आतल्या पाण्याच्या नळ्या बुजतात आणि झाड काही वर्षांत वाळतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांबरोबर ही बुरशी फ्रान्समध्ये आली असं मानतात. औषध नाही. रोगट झाड आणि त्याच्या शेजारची झाडं कापून जागेवरच जाळतात. रोग पाण्यातून, बोटींच्या दोरांतून, मुळामुळांतून पसरतो. म्हणून झाडांना दोर बांधू नका, सालीला सायकल घासू नका.

नवी झाडं लावली आहेत, वेगवेगळ्या जातींची. सध्या ती कंबरेएवढी किंवा बांबूएवढी आहेत. त्रेबच्या पुढे टोपी आणि सनस्क्रीन हवं.

शाकाहारी माणूस उपाशी मरेल का?

मरणार नाही, पण कंटाळेल. कास्तेलनोदारीची शान कासुले: पांढऱ्या घेवड्याचं मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवलेलं कालवण, त्यात बदक, डुक्कर, सॉसेज. "फक्त घेवडा द्या" म्हणालात तर वाढपी दुखावेल, आणि घेवडा बदकाच्या चरबीतच शिजलेला असतो. गरम बकरीच्या चीझचं सॅलड, ऑम्लेट, बेकरीतला ताजा पाव, टोमॅटो, ऑलिव्ह. यावर सहा दिवस निघतात. सकाळी बेकरीत चॉकलेट भरलेला पाव मागताना "शोकोलातीन" म्हणा. पॅरिसचं नाव इथे चालत नाही, आणि तुम्ही बरोबर नाव घेतलंत की बाई हसून एक जास्त भाजलेला देते.

वेळा पाळा. स्वयंपाकघरं दुपारी 12 ते 2 उघडी, मग सातपर्यंत काही नाही. रविवार दुपार आणि सोमवार ही खेड्यातली उपासाची वेळ. कास्तेलनोदारीचा आठवडी बाजार मात्र सोमवारीच असतो.

घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट जरूर आणा. पेढे, बर्फी, तूप, खवा आणू नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. आमच्या मावशीचे चितळ्यांच्या दुकानातले पेढे विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात गेले. मावशी आजही त्याबद्दल फ्रान्सला माफ करायला तयार नाही.

पिण्याचं पाणी?

गावातल्या दफनभूमीत नळ असतो, फुलांना पाणी घालायला. नाक मुरडू नका. सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात, मीही. फक्त नळावर "नों पोताब्ल" असं लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं नाही. कालव्याचं पाणी तोंडालाही लावू नका.

राहायचं कुठे?

लोकांच्या घरातल्या खोल्या (इथे शांब्र दोत म्हणतात), कॅम्पिंगची मैदानं, छोटी हॉटेलं. काठावर कुठेही तंबू ठोकता येत नाही, हा संरक्षित परिसर आहे. मे-जूनमध्ये आधी आरक्षण करा. आरक्षण करताना एकच प्रश्न विचारा: सायकल रात्री कुलूपबंद जागेत राहील का?

कायदेकानू?

घंटी सक्तीची, अंधारात पुढे-मागे दिवे सक्तीचे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं. 12 वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. मोठ्यांना नाही, पण मुळांची वाट आठवून तुम्हीच ठरवा. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला मनाई. दारूची मर्यादा मोटारवाल्याला आहे तीच सायकलवाल्यालाही, आणि वाट मिनेर्व्हुआ भागातल्या द्राक्षमळ्यांतून जाते, तेव्हा जपून. एका बाजूला पाणी आहे आणि कठडा नाही. मदतीसाठी 112.

आईबाबा साठीच्या पुढचे आहेत. त्यांना जमेल का?

तुलूझ ते पोर-लोरागे जमेल, ई-बाइक असेल तर मजेत. त्यापुढची मुळं दुखऱ्या मानेला आणि मनगटांना नकोत. आमच्याकडे आलेल्या काका-काकूंनी रोज सकाळी 20 किलोमीटर डांबरी पट्टा केला, दुपारी झोपले, आणि सगळ्यात जास्त आनंद त्यांनीच घेतला. रेल्वे कालव्याला जवळजवळ समांतर जाते: कास्तेलनोदारी, ब्रां, कार्कासोन, नारबोन, बेझिए, आग्द. दमलेल्या माणसाला पुढच्या गावी आगगाडीने पाठवता येतं. लहान मुलांना मात्र पाण्याच्या कडेला पुढे सोडू नका.

मला पर्यटक नकोत, अस्सल ग्रॅव्हल हवंय.

मग नोरूझला मुख्य वाट सोडा आणि रिकेच्या पाटाच्या काठाने रेव्हेलकडे जा. काळ्या डोंगराचं पाणी खिंडीवर आणणारा हा पाट ओढ्याएवढा अरुंद आहे, गच्च झाडीतून वळत जातो, आणि मातीची वाट त्याच्या कुशीत. साधारण 38 किलोमीटर. उन्हाळ्यातही गार. बोटी नाहीत, दुकानं नाहीत, समोरून तासाला दोन माणसं. शनिवारी पोचलात तर रेव्हेलचा बाजार मिळतो, मध्ययुगातल्या लाकडी खांबांच्या मंडईत. तिथून चढून सें-फेरेओलच्या तळ्यात पोहता येतं. सबंध कालव्यातला एकच भाग निवड म्हणालात तर मी हा निवडेन, आणि तो लोकांना सांगायचा की नाही याबद्दल अजून माझं मन डळमळतं.

दुसरा पर्याय ल सोमायजवळून नारबोनकडे उतरणारा फाटा. नारबोनमध्ये पुलावर घरं आहेत, कालवा त्यांच्या खालून जातो. नगरभवनासमोर खड्ड्यात रोमन रस्त्याचा तुकडा उघडा ठेवलाय. तिथून पुढे समुद्रापर्यंत वाट दोन खाजणांच्या मधून जाते आणि फ्लेमिंगो दिसतात. वारा असेल तर जाऊ नका; आडोसा शून्य.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा, मुंबई-पुण्यात अर्ज करता येतो. निदान 30 हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. त्यात सायकल चालवताना झालेली इजा धरली आहे का ते बारीक अक्षरात वाचा. मुक्काम रोज वेगळा असला तरी प्रत्येक रात्रीचं आरक्षण जोडा.

सेतहून परत कसं यायचं?

आगगाडीने, तुलूझपर्यंत दोन-सव्वादोन तास. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलला वेगळं आरक्षण काढावं लागतं आणि जागा मोजक्या असतात, म्हणून तिकीट काढतानाच काढा. प्रादेशिक गाड्यांत बहुधा फुकट, पण जुलै-ऑगस्टच्या शनिवारी डब्यात शिरायला मिळेलच असं नाही. सकाळची पहिली गाडी धरा. फलाटावर पोचण्याआधी बॅगा सायकलवरून काढून हातात घ्या. डब्याच्या पायऱ्या उंच असतात, गाडी दोन मिनिटं थांबते, आणि सायकल उभी टांगायची असते. टांगण्याआधी टायरवरून एकदा हात फिरवा. सराटे डब्यात सांडले तर दुसऱ्या कोणाच्या तरी चपलेत जातील.